‘डागकोश’ की ‘घाबरू नका’

४ मार्च

ती. दादास,
नमस्कार पोचला असं धर.

कागदावरचं पत्र, आणि तेही घरी नाही तर तुझ्या गोदामाच्या पत्त्यावर, हे बघून पाकीट फोडायच्या आधीच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण करू काय? तुमचा दोघांचा मेलचा पत्ता एकच. लग्न झाल्यावर माणसं दात घासायचे ब्रश वेगळे ठेवतात आणि मेल मात्र एक करतात, हे मला आजवर कळलेलं नाही. रविवारी तू फोन करतोस तेव्हाही ती शेजारीच बसलेली असते. तेव्हा वहिनीबद्दल तुझ्याशी बोलायचं तर टपालपेटी हा एकच रस्ता उरला.

मुद्द्यावर येते. मला तुझ्या बायकोचा हेवा वाटतो. ‘वाईट वाटतं’, ‘खटकतं’ असं काहीतरी सभ्य लिहिणार होते, पण तुला खोटं कशाला लिहू? पोटात दुखतं माझ्या.

डागांची साइट सुरू कुणी केली? मी. लाँड्रीच्या काउंटरमागे उभं राहून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, एकेक पान मी लिहिलं. रक्त, शाई, गंज, मेण, तेल. तू ती बांधून दिलीस आणि कुणालाही पानात बदल करता येईल अशी सोय केलीस, तीही मी हट्ट धरला म्हणून. जगातल्या प्रत्येकाला एखादा तरी डाग काढता येत असतो, तो त्याने येऊन लिहावा, असं मला फार वाटायचं. या प्रत्येकात वहिनी येते हे काही डोक्यात आलं नाही.

माझं रक्ताचं पान आठव. ‘थंड पाणी. गरम पाणी वापरू नये. घासू नये.’ संपलं. याहून जास्त त्यात सांगण्यासारखं काय आहे? वहिनीने वर जोडलं, ‘घाबरू नका. कुणाला लागलं असेल तर आधी त्याच्याकडे बघा, शर्ट थांबेल.’ झालं, लोक फिदा. दंतवैद्याच्या दवाखान्यात दिवसभर पेशंटांना ‘घाबरू नका’ म्हणायची तिला सवय आहे, हे मला मान्य आहे. पण आता प्रत्येक पान तिथूनच सुरू होतं. मी एकदा तिच्या चुका काढायला मुद्दाम बसले. रेशीम, लोकर, सगळं तपासलं. एक चूक सापडली नाही. त्याने तर अंगाचा तिळपापड झाला.

काल एक बाई मेण सांडलेला कोट घेऊन आल्या. साइट वाचून आल्या होत्या. मला म्हणाल्या, “त्या ‘घाबरू नका’वाल्या तुम्हीच का हो?” मी म्हटलं, “नाही.” आणि कोट चोख करून दिला.

आता नावाचं. साइटचा फुकटचा पत्ता महिनाअखेर बंद होणार, आपलं स्वतःचं नाव विकत घ्यावं लागणार आणि ते सगळ्यांनी मत देऊन ठरवायचं, हे तूच चर्चापानावर लिहिलंस. मी ‘डागकोश’ सुचवलं. त्याच्याखाली लगेच कुणीतरी ‘घाबरू नका’ टाकलं आणि आज सकाळी बघते तर तिथे सह्यांची रांग.

तिला सांग, जरा मागे सर म्हणावं. तुझं ऐकेल ती.

चिंगी

९ मार्च

चि. चिंगीस,
आशीर्वाद, आणि शांत होण्यासाठी जास्तीचे दोन.

गोदामात माझ्या नावाचं पाकीट आलं म्हणून इथे गंमत झाली. आमचे हिशेबनीस म्हणाले, “प्रेमपत्र वाटतं?” मी म्हटलं, “बहिणीचं आहे, त्याहून जपून उघडावं लागतं.”

मी तिला काही सांगणार नाही. नवरा आणि भाऊ या दोन खुर्च्यांवर एकदम बसायला गेलेला माणूस कुठे पडतो ते मला ठाऊक आहे. तिने काही वाईट केलेलं नाही आणि तूही केलेलं नाहीस. तू पान लिहितेस तेव्हा ते बरोबर असतं. ती लिहिते तेव्हा ते वाचावंसं वाटतं. दोन्ही लागतं ना?

खरं सांगू का? डागकोश म्हटलं की मला परीक्षा जवळ आल्यासारखं वाटतं. पण लोकांचं मत काय पडेल ते पडो. बाविसाव्या तारखेला मतदान संपेल, मग जे जिंकेल ते मी त्याच संध्याकाळी घेईन. तोवर दोन्ही नावं बाजारात मोकळी आहेत. जो आधी घेईल त्याचं नाव, मग दुसऱ्याला ते मिळत नाही, असाच हा कारभार असतो. म्हणूनच ‘मत पुरं झाल्याशिवाय कुणी नाव विकत घ्यायचं नाही’ असं तूच नियमांच्या पानावर लिहून ठेवलंयस ना? चांगला नियम आहे.

जेवत जा वेळेवर.

दादा

१२ मार्च

प्रिय वहिनीस,

सहज आठवण आली, म्हटलं कागदावर लिहावं. मेलमध्ये नुसती कामाचीच बोलणी होतात.

तू शाईच्या पानावर केलेला बदल वाचला. छान झालाय. लोकांना तुझं लिहिणं फार आवडतं, दुकानातसुद्धा विचारतात. मी म्हणते, आमची वहिनी आहे.

नावाचं ऐकलंस ना? मला काय, कुठलंही चालेल. साइट चालल्याशी मतलब. तुला कुठलं आवडतं ते मात्र मोकळेपणी कळव. माझ्याशी कसला संकोच?

दवाखान्यातल्या त्या चावऱ्या पेशंटचं काय झालं? बोट बरं आहे का तुझं?

तुझी,
चिंगी

१२ मार्च

दादा,

घेतलं. ‘घाबरू नका’ हे नाव मी विकत घेतलं. माझ्या नावावर, माझ्या खात्यातून. दुकानाच्या काउंटरवरच, एका गिऱ्हाइकाच्या पावतीचे कागद बाजूला सारून. वाटलं होतं त्याहून फारच सोपं निघालं.

तू ‘जो आधी घेईल त्याचं’ असं लिहिलंस आणि ते वाचल्यापासून मला दुसरं काही सुचेना. आता करू देत मतदान. जिंकलं तरी ते नाव त्यांना मिळणार नाही, ‘कुणीतरी आधीच घेतलंय’ असं दिसेल आणि मग उरेल डागकोश.

तू विचारशील, मग डागकोशही का नाही घेतलंस? ते मी घेणार नाही. ते लोकांनी द्यायचं. माझं नाव मी नियमानेच घेणार.

हसू नकोस. आणि घरी बोलशील तर याद राख.

चिंगी

१६ मार्च

प्रिय वन्सं,
(चिडलीस? चीड. मला या शब्दाची फार मजा वाटते.)

तुझं पत्र! कागदावरचं! मी ते दवाखान्यात नेलं आणि सगळ्यांना दाखवलं, की बघा, मला नणंद पत्र लिहिते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काही मागितलंय का?” मी म्हटलं, “नाही हो, नुसतं बोट कसं आहे विचारलंय.” बोट बरं आहे. चावऱ्या पेशंटचं वय सहा आहे आणि तो परत येणार आहे.

आता माझी बातमी ऐक. ‘मला काय, कुठलंही चालेल’ असं तू लिहिलंस ना, ते वाचलं आणि मला कळलं की चालणार नाही. मी बारा वर्षं तुझी वहिनी आहे, बाई. तू ‘चालेल’ म्हणतेस तेव्हा तुझे ओठ कसे होतात ते मला कागदावरसुद्धा दिसलं.

म्हणून मी कामाला लागले. साइटवर जे जे लिहितात त्या प्रत्येकाला वेगळं लिहिलं. म्हटलं, बाबांनो, मी नंतर आलेली बाई. पहिलं पान जिने लिहिलं, जिच्यामुळे आपल्या कुणाच्या शर्टाचं वाटोळं झालं नाही, तिने दिलेलं नाव राहू दे. त्या बटणवाल्या आजी आहेत ना, ज्यांना कापडातलं सगळं कळतं, त्या आधी ऐकेनात. “डागकोश म्हणजे काय सरकारी खातं आहे का?” म्हणाल्या. पण शेवटी त्यांनीही आपली सही खोडली आणि तुझ्या नावाखाली केली. आता जाऊन बघ चर्चापान. रांग कुठल्या बाजूला आहे ते बघ.

मला ‘घाबरू नका’चं काही नाही. ते मला दिवसभर म्हणायचंच असतं.

तुझी,
वहिनी

१९ मार्च

दादा,

वहिनीचं पत्र आलं. मी चर्चापान बघितलं. डागकोश पुढे आहे, खूपच पुढे, आणि प्रत्येक सहीपुढे माझ्याबद्दल काहीतरी गोड लिहिलंय. ते सगळं तिने लिहून घेतलंय.

मी आता कुठे तोंड लपवू? सकाळपासून एक पांढरा सदरा तीनदा धुतला, त्याला डागच नव्हता.

तुला सांगते, हे असं झाल्यावर तरी हेवा संपायला हवा होता. नाही संपला. वाढला. तिला हेही जमतं! नाव सोडून देणंही तिला माझ्याहून छान जमतं.

मत संपलं की त्याच मिनिटाला डागकोश घे. आणि मी घेतलेलं ते दुसरं नाव पडून राहील माझ्या खात्यात, कुणाला कधी कळायला नको.

चिंगी

२३ मार्च

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

बसून वाच.

काल मतदान संपलं. डागकोश जिंकलं. मी संध्याकाळी कामावरून आलो, बूटही न काढता संगणकापुढे बसलो, तर डागकोश गेलेलं. परवाच कुणीतरी घेतलंय. चर्चापान जगाला उघडं आहे, कुठलं नाव जिंकतंय ते कुणालाही दिसत होतं. अशी नावं आधीच गिळून मग चढ्या भावाने विकत बसणारे लोक असतात. त्याचा मेलही आला, आकडा मी तुला सांगत नाही, तू चुकून इस्त्री हातावर ठेवशील.

आठवड्यात जुना पत्ता बंद होतोय. नवं मतदान घ्यायला वेळ नाही. वहिनी डोक्याला हात लावून बसली होती, तिच्यामुळेच सगळी मतं तिकडे वळली म्हणून. मला बघवेना. म्हटलं, “चिंगीने ‘घाबरू नका’ आधीच घेऊन ठेवलंय.”

एवढंच बोललो. का घेतलं ते बोललो नाही, आणि तिने विचारलंही नाही. पदराने डोळे पुसायला लागली. आता यापुढचं तुझं तू बघ.

साइट त्या नावाला जोडायची आहे. तुझ्या खात्याचा पासवर्ड पाठव.

दादा

२४ मार्च

प्रिय चिंगीताई,

आज ‘वन्सं’ म्हणवत नाही.

तुझ्या भावाने सांगितलं तेव्हा आधी विश्वासच बसला नाही. मग त्यानेच मागे एकदा दाखवलं होतं तसं मी शोधून बघितलं, कुठलं नाव कधी घेतलं गेलं त्याची तारीख सगळ्यांना दिसते. बारा मार्च! मी कुणालाही एक अक्षर लिहायच्या आधी. म्हणजे ज्या दिवशी तू मला ‘कुठलंही चालेल’ लिहिलंस, त्याच दिवशी तू गुपचूप माझं नाव घेऊन ठेवलंस, कुणी दुसऱ्याने पळवू नये म्हणून. स्वतःचा नियम मोडून. आणि तुझं स्वतःचं नाव मात्र तसंच उघड्यावर सोडलंस!

आणि मी समजत होते की तू मनातून खट्टू आहेस. लाज वाटली मला माझी.

पहिल्या पानावर मी सगळ्यांना कळेल असं लिहिलंय. वाच. बटणवाल्या आजींनी खाली लिहिलंय की असं मन त्यांनी सगळ्या आयुष्यात बघितलं नाही. मी तर म्हणते, यापुढे पहिल्या पानावर तुझा फोटो लावू या.

तुझी,
वहिनी

२८ मार्च

वहिनी,

फोटो लावू नकोस. पहिल्या पानावरचं तेही काढून टाक.

मी ते नाव तुझ्यासाठी घेतलं नाही. तुला मिळू नये म्हणून घेतलं. कुलूप लावून कपाटात टाकायला. ती तारीख तू बघितलीस ती बरोबर आहे, तिचा तू लावलेला अर्थ चुकीचा आहे. मी तुला गोड पत्र लिहिलं आणि त्याच पेनने दादाला लिहिलं की आता हे नाव जिंकलं तरी कुणाला मिळणार नाही.

लोकांना तू आवडतेस. मला ते बघवत नाही. तू एक ओळ लिहितेस आणि माझं अख्खं पान तिच्याखाली सतरंजीसारखं पसरलेलं राहतं. मला वाटायचं, निदान नाव तरी माझं असावं, म्हणजे कुणीतरी विचारेल की हे कुणी सुरू केलं.

आता विचारतात. दुकानात येऊन हात हातात घेतात. एक गृहस्थ काही धुवायला न आणता नुसतं बघायला येऊन गेले. जळत होते तेव्हा मी निदान खोटी नव्हते, आता रोज सकाळी शटर वर करते आणि खोटी होते. हे मला सहन होत नाही म्हणून लिहितेय, माफीबिफीसाठी नाही.

चिंगी

५ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुझ्या रक्ताच्या, शाईच्या, गंजाच्या पानांवरचं सगळं मी पुसून टाकलं. पूर्ण. पान कोरं. मग पाणी पिऊन आले आणि सगळं होतं तसं परत ठेवलं. साइट कुठलाच बदल विसरत नाही, जुन्या नोंदींत तुला दिसेल. बघू नकोस.

दोन दिवस मी तुझ्या भावाशी धड बोलले नाही. त्याला वाटलं दाढ दुखतेय.

आता माझं ऐक, कारण तू एकटीनेच खरं बोललीस तर ते मला पचणार नाही. मला डागांमध्ये काडीचा रस नव्हता. अजूनही फारसा नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दर रविवारी तुझा भाऊ तुझ्याशी बोलतो आणि हसतो. माझ्याशी बोलताना तो चांगलाच वागतो, पण तसा हसत नाही. जेवताना “चिंगीने आज मेणाचं पान केलं,” झोपताना “चिंगीला एक सोय करून द्यायचीय.” मी शेजारी बसलेली असायचे, पण नुसती बसलेली. तुम्हा दोघांच्या त्या बोलण्यात शिरायला मला दार हवं होतं. साइटवर लिहिलेलं होतं, कुणीही बदल करा. म्हटलं, चला, आपण कुणीही होऊ.

आणि तुझ्यासाठी मतं मागितली ती मोठ्या मनाने मागितली असं तुला वाटतंय ना? थोडी मनाने. बाकी अशासाठी की तुझ्या भावाने म्हणावं, काय बायको आहे माझी! रांग फिरली तेव्हा मी त्याला चर्चापान दाखवलं. तो बघून काय म्हणाला सांगू? म्हणाला, “चिंगीला किती बरं वाटेल.” चिंगीला!

त्या रात्री मी तुझा जो उद्धार केला तो कुठल्याही पानावर लिहिण्यासारखा नाही.

पहिल्या पानावरचा मजकूर मी काढणार नाही. राहू दे तसाच, ती तुझी शिक्षा. लोक हात हातात घेतील तेव्हा हसायचं आणि आभार मानायचे. मला आठवत बस त्या वेळी.

रक्ताच्या पानात एक शंका आहे. गादीवर सांडलं तर थंड पाणी ओतायचं कसं? ती आतून भिजेल ना? तू लिही, वरची ओळ मी लिहीन. पण हे सगळं आपल्यात. तुझ्या भावाला यातलं काही कळवायची गरज नाही. पुढचं पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर टाक.

वहिनी

३० एप्रिल

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

तुझं गोदामाच्या पत्त्यावर बऱ्याच दिवसांत काही आलं नाही. हिशेबनीसही विचारत होते.

इकडे सगळं ठीक. साइट नव्या नावावर छान चाललीय, माणसं वाढलीत. गादीचं पान मी वाचलं, उत्तम झालंय. ते तुम्ही दोघींनी मिळून केलंत हे मला पान वाचून कळलं, घरात कुणी सांगितलं नाही.

वहिनीला हल्ली दवाखान्यात पत्रं येतात. ती पर्समधून काढते, वाचते, खुदकन हसते आणि परत आत ठेवते. “काय लिहिलंय?” विचारलं तर “साइटचं काम” म्हणते. अगं, साइट मी बांधली. कामही मलाच सांगायला हवं ना? काल मी म्हटलं, “वाच की मोठ्याने.” तर म्हणाली, “तुला नाही कळायचं.” तुला नाही कळायचं! मला! रविवारी फोनवरही तू लगेच म्हणतेस, वहिनीला दे. मी आपला फोन धरून उभा राहतो आणि मग सोफ्यावर तिच्या शेजारी बसून राहतो.

माझ्याबद्दल काही लिहिता का एकमेकींना? तसं असेल तर निदान चांगलं की वाईट तेवढं सांग. मला काही नाही, सहज विचारतोय.

आणि नावाच्या खात्याचा पासवर्ड कुणीतरी बदललाय. मी परवा दुरुस्तीसाठी आत शिरायला गेलो तर मला घेईना. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली चिंगीला विचार. तू फोनवर म्हणालीस वहिनीला विचार. दुरुस्ती छोटीच आहे, पण मला आत येऊ द्या.

दादा